पाच वर्षं झाली, आता लेट्रोझोल थांबवावी का?

लेक_सांगलीची
आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली. गाठ लहान होती, काखेत काही नव्हतं, केमो लागली नाही. तेव्हापासून रोज लेट्रोझोल 2.5 ची एक गोळी, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी; तिनेच हाडं विरळ होतात आणि सांधे आखडतात. वय 67. सुरुवातीला डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे 1.4 होता, परवा उणे 2.4 आला. उणे 2.5 ला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात, म्हणजे आम्ही उंबरठ्यावर. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की मूठ वळायला अर्धा तास लागतो. लोणच्याची बरणी बाबा उघडून देतात. आता डॉक्टर म्हणतात, आणखी पाच वर्षं घ्या. माझं मत स्पष्ट आहे, बास झालं. कॅन्सर गेला, आता हाडंही घालवायची का?

ठाण्याचा_भाचा
अजिबात पटलं नाही. "कॅन्सर गेला" हे कोणी सांगितलं? हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणारा, प्रकार उशिरा परत येण्यासाठीच बदनाम आहे. माझ्या मावशीने चौथ्या वर्षी परस्पर गोळी सोडली, आठव्या वर्षी कण्यात निघाला. सोडली म्हणूनच आला असं म्हणत नाही, पण घरात प्रत्येकजण तेच मनात धरून बसलाय. हाड मोडलं तर प्लेट टाकता येते.

खडूस_सूनबाई
प्लेट टाकता येते म्हणे! सासूबाई 71 व्या वर्षी न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतर त्या जिना उतरल्या दोनदाच, दोन्ही वेळा खुर्चीत बसून, चौघांनी उचलून.
बरं, भावनेचं सोडा, आकडे बघा. 2016 चा कॅनडाचा अभ्यास, 1918 बायका. या जातीच्या गोळ्यांची पाच वर्षं झाल्यावर निम्म्यांना आणखी पाच वर्षं लेट्रोझोल दिली, निम्म्यांना नुसतीच बिनऔषधाची गोळी. कॅन्सर परत किंवा नव्याने न झालेल्या 95 टक्के, दुसरीकडे 91. पण हयात राहण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, 93 आणि 94. आणि हाड मोडलेल्या 14 टक्के, दुसरीकडे 9.

ठाण्याचा_भाचा
91 आणि 95 मधला फरक किरकोळ वाटतो तुम्हाला? त्या चौघींना विचारा.

खडूस_सूनबाई
त्या फरकात दुसऱ्या स्तनात नव्याने झालेले बरेच आहेत. दरवर्षी मॅमोग्राफी केली तर ते लवकर सापडण्याची शक्यता चांगली असते. आणि हाड मोडलेल्या जास्तीच्या पाचजणींना कोण विचारणार?

गोळ्या_मोजणारा
मेडिकलच्या काउंटरमागे वीस वर्षं उभा आहे, डॉक्टर नाही. तुम्ही दोघं "पाच की शून्य" असं धरून भांडताय. ऑस्ट्रियाचा 2021 चा अभ्यास आहे, अ‍ॅनास्ट्रोझोलवर, म्हणजे लेट्रोझोलच्याच बहिणीवर. पहिल्या पाच वर्षांनंतर काहींना दोन वर्षं जादा दिली, काहींना पाच. कॅन्सरच्या बाबतीत फरक निघाला नाही. हाडं मात्र पाच वर्षंवाल्यांची जास्त मोडली. तेव्हा सातव्या वर्षी थांबता येतं का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.
दुसरं, हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन असतं, अशा पेशंटना साधारण सहा महिन्यांतून एकदा देतात. पाच वर्षांत तो विषयच निघाला नसेल तर सगळा दोष गोळीवर कशाला?

लेक_सांगलीची
नाही निघाला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं सॅशे, तेवढंच. पण त्या इंजेक्शनने जबड्याचं हाड सडतं ना? एकाच्या दुष्परिणामावर दुसरं, दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरं. कुठवर?

गोळ्या_मोजणारा
होतं, पण फार क्वचित, आणि बहुतेकदा इंजेक्शन चालू असताना दात काढल्यावर. म्हणून दातांचं काम आधी उरकून घ्यायचं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते. तेव्हा लोक घाबरून फोन करतात.

सातवं_वर्ष
मी स्वतः घेते, रात्री दात घासून झाल्यावर. माझ्या काखेतल्या तीन गाठींमध्ये होता. मी दहा पूर्ण करणार, गुडघे कितीही कुरकुरले तरी. तुमच्या आईच्या काखेत काही नव्हतं, त्यामुळे माझा हिशेब त्यांना लावू नका, आणि त्यांचा मला. बोटांसाठी एक सांगते. मला लेट्रोझोलवरून अ‍ॅनास्ट्रोझोलवर आणल्यावर बराच आराम पडला. सगळ्यांना पडतोच असं नाही.
रागावू नका, पण एवढ्या प्रतिसादांत आई काय म्हणते ते कुठेच दिसलं नाही.

लेक_सांगलीची
काल रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. आधी चिडलीच, "बरणीचं कशाला लिहिलंस?" मग खुब्याचं पुन्हा वाचायला लावलं, आणि मावशीचंही. बुधवारी डॉक्टरांकडे ती एकटी आत जाणार, मी बाहेर बाकावर बसायचं, असं तिने ठरवलंय.