मदत हवी आहे : रात्री पावणेदोनचा मेसेज

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये एकटीच समुपदेशन करते. सध्या बॉर्डरलाइनचे (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर : भावना टोकाच्या, सोडून दिलं जाण्याची भीती मोठी) ३ क्लायंट आहेत. त्यातली एक मागच्या आठवड्यात म्हणाली, ‘तुम्हीच मला वाचवलंत’. परवा सेशन वेळेवर संपवलं तर ‘तुम्हालाही मी नकोशीच’, आणि दार आपटून बाहेर. चहा तसाच, साय धरलेला. रात्री पावणेदोनला मेसेज : ‘जाग्या आहात का?’ होते जागी, हीच तर पंचाईत.

मार्शा लिनेहान यांच्या डीबीटीत (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, याच त्रासासाठीची उपचारपद्धत) फोन-कोचिंग, म्हणजे दोन सेशनच्या मधे फोनवर मदत, असतं, पण त्याला नियम असतात आणि थेरपिस्टच्या पाठीशी टीम असते. माझ्या पाठीशी घरचे, ज्यांना काही सांगता येत नाही!

पुण्यात पिअर सुपरव्हिजनचा (समुपदेशकांनी आपापसांत केसेसवर बोलण्याचा) गट कुणी चालवतं का? आणि रात्रीच्या फोनची मर्यादा तुम्ही नेमक्या कोणत्या शब्दांत सांगता? मी सांगते तेव्हा ती झिडकारल्यासारखीच ऐकू जाते.