मदत हवी आहे : २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू टिकली असती तर बुकर टीसमोर कोण?
मंडळी, डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीवर काल्पनिक इतिहासाची एक कथा लिहितोय आणि पहिल्याच पे-पर-व्ह्यूवर (टीव्हीवर पैसे भरून पाहायच्या मोठ्या कार्यक्रमावर) घोडं अडलंय. बदल एवढाच : मार्च २००१ मध्ये टर्नर वाहिन्यांचे प्रमुख जेमी केलनर आपल्या वाहिन्यांवरून कुस्ती काढत नाहीत, एरिक बिशॉफ आणि फ्युझियंट या गुंतवणूकदार कंपनीचा डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेण्याचा सौदा पार पडतो, प्रत्यक्षात ती विकत घेणारा, प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफचा विन्स मॅकमहॉन हात चोळत बसतो. २६ मार्चचा नायट्रो (डब्ल्यूसीडब्ल्यूचा साप्ताहिक टीव्ही कार्यक्रम) झाला तसाच ठेवलाय, म्हणजे स्कॉट स्टायनरला हरवून बुकर टी चॅम्पियन. कार्यक्रम मे महिन्यात, लास वेगासला.

गोल्डबर्ग सुचवू नका, त्याचा खांदा जायबंदी आहे. ब्रेट हार्ट आधीच निवृत्त. बुकर-स्टायनर पुन्हा लिहून पाहिली, पण शिळ्या कढीला ऊत वाटतो. स्टिंग आणला की लढत रंगते, पण खरी गोम तिथेच आहे. स्टिंग, फ्लेअर, नॅश यांचे जाडजूड करार थेट डब्ल्यूसीडब्ल्यूची मालक कंपनी एओएल टाइम वॉर्नरशी होते. म्हणून तर प्रत्यक्षात विन्सने ते उचलले नाहीत आणि ही मंडळी घरबसल्या पगार घेत राहिली.

करारांची माहिती असलेल्यांनी सांगा : फ्युझियंटला स्टिंगचा करार स्वतःकडे घेणं झेपलं असतं का, की टाइम वॉर्नर पगार देतंय आणि तो रिंगमध्ये उतरतोय, हे जास्त पटेल?