उत्तर: दिवस राहू नयेत म्हणून तांबी की इंजेक्शन?
तांबीमुळे (गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) पुढे मूल राहत नाही, असं इथे एका ताईंनी लिहिलंय, ते खरं नाही. काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. उशीर होतो तो अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने: दर 3 महिन्यांनी घ्यायचं, आणि शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सरासरी 7 ते 10 महिने लागतात.

मी थोरलीनंतर 380ए नावाची तांबी बसवली, 10 वर्षं चालणारी. पहिले चार महिने पाळीत हाल झाले. सिडकोहून पंचवटीपर्यंत बसमध्ये जीव मुठीत धरून बसायचे, पर्समध्ये जादाची सलवार. सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक गं." नाही काढली, पाचव्या महिन्यात सुरळीत झालं.

मुळातच अंगावरून जास्त जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर हार्मोनवाल्या तांबीबद्दल विचारा. तिने रक्तस्राव कमी होतो. महाग आहे मात्र. साधी सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात.