मदत हवी आहे: वयातलं अंतर असलेला प्रेमपट सुचवा

विलेपार्ल्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा पडदा लावून सिनेमा बघतो. या वेळी 'वयस्कर तो, तरुण ती' हा विषय मीच हौसेने सुचवला आणि निवड माझ्याच गळ्यात पडली.

'जॉगर्स पार्क' (2003) डोक्यात होता. निवृत्त न्यायाधीश, तरुण मुलगी आणि वांद्र्याची ती समुद्राकाठची बाग, म्हणजे सगळं आपल्या ओळखीचं. व्हिक्टर बॅनर्जी तर काय काम करतात! पण त्यात न्यायाधीशांचं भरलं घर आहे, आणि आमच्या काकू मंडळी तेवढ्यावरून मध्यांतरातच उठतील. 'चीनी कम' (2007) मध्ये 64 वर्षांचा नायक, 34 ची नायिका आणि तिचे बाबा 58 चे, जावयापेक्षा लहान! धमाल आहे, पण निम्म्यांनी पाहिलाय. 'लम्हे' (1991) वर आईचा ठाम नकार, "आईवर प्रेम आणि लग्न मुलीशी?"

तर मराठीत असा एखादा सिनेमा आहे का? 'कुंकू' (1937) माहीत आहे, पण ते जरठ-विवाहाविरुद्धचं बंड, मला प्रेमकथा हवी. दोन तासांत संपणारा असेल तर उत्तम, दहानंतर वॉचमन दिवे घालवतो.