पोरं आहेत, पोरं आहेत म्हणत अजून किती वर्षं काढायची?

गोलपोस्टमागचा
१० सप्टेंबर २०२५

काल दोह्यात ब्रुनेईला सहा गोल मारले आणि आपण बाहेर. अंडर-२३ आशियाई फुटबॉल कपची क्वालिफायर. बहारीनला २-० हरवलं, कतारकडून १-२ हरलो, काल ६-०, एवढं करून गटात दुसरे. अकरा गटांत जे दुसरे आले त्यातले फक्त चार वर जातात आणि त्या चारात आपण नाही. ही स्पर्धा सुरू झाल्यापासून आपण एकदाही पात्र ठरलेलो नाही, एकदाही नाही, आणि सकाळपासून जो तो 'काय लढली पोरं', 'हरलो पण मन जिंकलं'. अरे किती वेळा मन जिंकायचं? २०१७ ला घरच्या अंडर-१७ वर्ल्डकपला अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४, तेव्हाही मन जिंकलं होतं. २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्डकपला भुवनेश्वरमधे तीन मॅचमधे सोळा गोल खाल्ले आणि मारला एकही नाही, तेव्हा म्हणे अनुभव मिळाला. २०२३ ला थायलंडमधे अंडर-१७ आशियाई कपला जपानने आठ घातले तर लोक म्हणतात आपणपण चार मारले की. आठ खाऊन आलेल्या टीमची आता मिरवणूक काढायची का?

पोरांना शिव्या देत नाहीये, आधीच सांगतो. पण बावीस वर्षांचा माणूस पोर नसतो. स्पेनच्या यमालने सतरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी युरोची फायनल जिंकली. आपल्याकडे तेविसाव्या वर्षीही 'भविष्यातला खेळाडू', आणि ते भविष्य येतं तेव्हा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं.

राईटबॅक_दोन

आला यमाल. वाटच बघत होतो. तो पोरगा सात वर्षांचा असल्यापासून बार्सिलोनात आहे हो, त्याची तुलना कुणाशी करताय? आणि कतारची मॅच पूर्ण पाहिली का नुसता स्कोअर पाहिला? एक गोल खाऊन बरोबरी केली, मग रेड कार्ड आणि त्याच फटक्यात पेनल्टी, शेवटचा वेळ दहा जण खेळले, तेही त्यांच्या घरी. ह्याला वाईट खेळ म्हणत नाहीत. कोच नौशाद मूसांच्या हातात टीम आली किती दिवस, त्यात बहारीनला हरवलं. आपल्या सीनियर टीमला विचारा बहारीनला हरवणं काय असतं ते.

गोलपोस्टमागचा

पूर्ण पाहिली साहेब, मधे जेवायलापण उठलो नाही. म्हणूनच तर डोकं फिरलंय. खराब खेळून हरले असते तर टीव्ही बंद करून झोपलो असतो.

झोपलेला_रेफरी

काही नाही, कोच बदला. आपल्याकडे सर्दीपासून सगळ्यावर हाच इलाज आहे. २०१७ च्या वर्ल्डकपला काही महिने राहिले असताना निकोलाय अॅडमला घालवून दे मातोसला आणलं होतं, आठवतंय ना. वर्षानुवर्षं टीम बांधायची एकाने आणि परीक्षेला बसायचं दुसऱ्याने.

तालमीचा_पोरगा

२०१७ चं नाव काढू नका राव, अजून दुखतंय. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता त्या टीममधे, आख्खी पेठ टीव्हीसमोर. कोलंबियाच्या मॅचला ८२ व्या मिनिटाला जॅक्सनने कॉर्नरवर हेडर मारला, भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल, आम्ही एकमेकाच्या गळ्यात, कुणीतरी फटाका लावायला बाहेर पळालं, तो वात पेटवतोय तोवर आत कोलंबियाने दुसरा घातला. एका मिनिटात. फटाका वाजला तेव्हा आम्ही मागं पडलेलो. आयुष्यात एवढं बेकार वाटलं नव्हतं, आणि तरीपण सांगतो ती टीम लई भारी होती. राग आला नव्हता बघा त्या दिवशी, हळहळ वाटली. ह्या दोन्हीत फरक आहे गा.

दहा_नंबरची

मुलींच्या सोळा गोलांचा उल्लेख झालाच आहे तर पुढचं पण लिहा ना. स्पर्धेला दोन महिने राहिले असताना, १५ ऑगस्ट २०२२ ला फिफाने आपलं फेडरेशनच सस्पेंड केलं. वर्ल्डकप हातातून जातो की काय अशी वेळ. अकरा दिवसांनी बंदी उठली. सोळा वर्षांच्या मुली कॅम्पमधे बसून बातम्या बघत असणार की आपण खेळणार का नाही, आणि मग पहिलीच मॅच कुणाशी तर अमेरिकेशी. ०-८. ह्यात मुलींचं काय चुकलं? यजमान म्हणून थेट प्रवेश होता, म्हणजे क्वालिफायरची झटापट न करता एकदम वरच्या वर्गात बसवलं.

आणि आत्ता गेल्या महिन्यात अंडर-२० मुलींनी म्यानमारला त्यांच्याच गावात १-० हरवून वीस वर्षांनी आशियाई कप गाठला. त्यावर इथे एकानेही दोन ओळी लिहिल्या नाहीत. हरलं की धागा, जिंकलं की शांतता.

गोलपोस्टमागचा

हे मान्य, मुलींबद्दल लिहायला हवं होतं. पण तुमच्याच मुद्द्याने माझंच म्हणणं पक्कं होतंय. वरच्या लोकांनी गोंधळ घालायचा आणि आपण 'मुलींचं काय चुकलं' म्हणून विषय संपवायचा. मग जबाबदार कोण? कुणीच नाही? दरवेळी मुलांच्या वयाची ढाल पुढे करतात आणि मागे मोठी माणसं लपतात, मला राग त्याचा आहे.

उझबेकिस्तान घ्या. १९९१ ला देश झाला. २०२३ ला अंडर-२० आशियाई विजेते, ह्या वर्षी अंडर-१७ आशियाई विजेते, आणि जूनमधे सीनियर टीम २०२६ च्या वर्ल्डकपला पोचली. त्यांनी काय जादू केली?

कोचकाका

उझबेकिस्तानचं नाव निघालं म्हणून लिहितोय, नाहीतर मी अशा भांडणात पडत नाही. जरा लांब होईल.

तुम्ही ज्या २०२३ च्या जपान मॅचवर चिडलाय त्याच स्पर्धेत आपण उझबेकिस्तानशी फक्त ०-१ हरलो होतो. त्याच उझबेकिस्तानने पाच महिन्यांनी अंडर-१७ वर्ल्डकपमधे इंग्लंडला घरी पाठवलं. आणखी मागे जा. २०१८ ला कोच बिबियानो फर्नांडिसची अंडर-१६ टीम मलेशियात आशियाई स्पर्धेला, व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला शून्यावर रोखलं, क्वार्टरफायनलला दक्षिण कोरियाकडून ०-१. ती एक मॅच जिंकली असती तर आपण स्वतःच्या बळावर वर्ल्डकपला गेलो असतो. त्याच वर्षी ऑगस्टमधे स्पेनला आपल्या अंडर-२० ने अर्जेंटिनाच्या अंडर-२० ला २-१ हरवलं, तेही दहा जणांनी. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी आपण आशियातल्या चांगल्या टीमपासून एक गोल लांब असतो. मग बाविसाव्या वर्षी दहा कोस लांब कसे जातो?

मी खालच्या वयोगटातली पोरं शिकवतो, वीसेक वर्षं झाली. माझ्याकडच्या चौदा वर्षांच्या पोराला वर्षभरात धड रेफरी असलेल्या मॅच मिळतात पंधरा, फार तर अठरा. त्यातल्या निम्म्या नॉकआउट, हरला की बॅग भरून घरी. बाकी वेळ कोनमधून पळणं. दहावी आली की एक वर्ष गायब, बारावीला परत गायब. त्यातूनही जो टिकला तो अठराव्या वर्षी क्लबमधे जातो आणि बाकावर बसतो, कारण फॉरवर्डच्या जागेवर परदेशी माणूस. क्लबला ह्या आठवड्याची मॅच जिंकायचीय, त्यांचं तरी काय चूक. अगदी ह्यासाठीच इंडियन अॅरोज ही टीम होती, आय-लीग ह्या आपल्या लीगमधे फक्त आपली तरुण पोरं, हरायची, मार खायची, पण दर आठवड्याला नव्वद मिनिटं मोठ्या माणसांशी खेळायची. जॅक्सन, सुरेश, राहुल के पी तिथेच तयार झाले. ती २०२२ ला बंद केली. उझबेकांचा खुसानोव २०२३ ला त्या अंडर-२० टीममधे होता, ह्या जानेवारीत मँचेस्टर सिटीत गेला. मधल्या दोन वर्षांत तो खेळत होता हो. बसला नव्हता.

आणि ह्या घडीला तर आयएसएलच्याच, म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या लीगच्याच, तारखा ठरलेल्या नाहीत. जुलैपासून लीग होल्डवर. अंडर-२३ च्या पोरांना बहारीनला हरवून परत यायचंय कुठे, तर ज्या क्लबचा सीझन कधी सुरू होणार माहीत नाही तिथे.

झोपलेला_रेफरी

काका, दहा कोस नाही, पण बाकी एकशेएक टक्के.

राईटबॅक_दोन

हेच मी दोन ओळीत म्हणत होतो, मला लाईक मिळाले नाहीत 😄

चौकातला_टीकाकार

काका माफ करा पण अर्धंच सांगताय. वयचोरीचं काय? २०१८ ला आयएसएलमधे सोळा वर्षांचा सर्वात लहान गोलस्कोअरर म्हणून नाचवला आणि नंतर कळलं वयच खोटं, सहा महिने बंदी. खालच्या वयोगटात दाढीवाली पोरं ट्रॉफ्या जिंकून देतात, अकॅडमीवाले फोटो काढतात, आणि खरा तेरा वर्षांचा बारका पोरगा, जो पुढे खेळाडू झाला असता, तो धक्के खाऊन फुटबॉल सोडतो. मग आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वय तपासायला मनगटाचा एमआरआय आला की निम्मी टीम गळते. कमी मॅच हे कारण आहेच, पण त्या कमी मॅचमधे पण चुकीची पोरं खेळतात.

कोचकाका

खरंय. नाकारत नाही. एका स्पर्धेत मी समोरच्या स्टॉपरला विचारलं, बाळा कितवीला, तो म्हणाला सर माझं लग्न ठरलंय. अंडर-१५ होती ती. तक्रार केली तर आयोजक म्हणाले दाखला आहे त्याचा.

गोलपोस्टमागचा

काका, ह्यावर हसू का रडू.

तुमचं सगळं पटलं, पण एक प्रश्न राहतोच. पब्लिकने करायचं काय? पोरांवर चिडू नका, कोचवर नको, फेडरेशन ऐकत नाही. मग आम्ही राग गिळून टाळ्या वाजवायच्या? दयेने वाजवलेली टाळी खेळाडूला कळते. लहान भाऊ समजून कौतुक करतो ना आपण, तो पण अपमानच आहे एक प्रकारचा.

तालमीचा_पोरगा

भावा राग काढ की, पण मैदानात जाऊन काढ. आमच्या शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असू दे, पाऊल ठेवायला जागा नसते, पास चुकला की आजोबासुद्धा शिवी हासडतात आणि संध्याकाळी त्याच पोराला चहा पाजतात. आपला कॅप्टन छेत्री २०१८ ला हेच सांगत होता ना, अंधेरीत चायनीज तैपेईला ५-० हरवलं, ह्याने हॅटट्रिक मारली आणि बघायला अडीच हजार माणूस. मग व्हिडिओ टाकला की या, शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या. पुढच्या मॅचला हाऊसफुल. आणि बाकी लोक काय करतात, वर्षभर रात्री दोनला जागून युरोपची लीग आणि आपली पोरं हरली की दोन दिवसांचे तज्ज्ञ. तुझ्यावर नाही बोलत हां, तू तर जेवण सोडलंस.

चौकातला_टीकाकार

गर्दीने काही होत नाही. २०१७ ला साडेतेरा लाखाच्या आसपास लोक आले, अंडर-१७ वर्ल्डकपचा विक्रम झाला. पुढे काय झालं? गर्दी घरी गेली.

राईटबॅक_दोन
१ डिसेंबर २०२५

जुनं भांडण परत काढतोय, सॉरी नाही. काल अहमदाबादला अंडर-१७ ने इराणला २-१ हरवलं!!! जिंकल्याशिवाय पर्याय नव्हता, आधी गोल खाल्ला, मग पेनल्टीवर बरोबरी, ब्रेकनंतर दुसरा, आणि मग ती शेवटची वीस मिनिटं, माझे केस पांढरे झाले. आशियाई कप! गोलपोस्टमागचे कुठे आहेत?

दहा_नंबरची

आणि ऑक्टोबरमधे अंडर-१७ मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून आशियाई कप गाठला, पहिल्यांदाच क्वालिफायर खेळून. हो, उझबेकिस्तानलाच. तेव्हा पण इथे शांतताच होती, मी मोजतेय.

चौकातला_टीकाकार

अभिनंदन. मनापासून. पण ह्याच क्वालिफायरमधे लेबनॉनकडून ०-२ हरलो होतो आणि पॅलेस्टाईनशी बरोबरी, ते पण लक्षात असू द्या. सप्टेंबरमधे अंडर-१७ सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धा, जिंकलो तेव्हाही असाच गुलाल उधळला होता. ही पोरं तीन वर्षांनी कुठे असतील ते बोला.

कोचकाका

गुलाल उधळू द्या हो एक दिवस. शेवटी परत बिबियानोच, २०१८ वाला. एका माणसाला एवढी वर्षं त्याच वयोगटावर ठेवलं तर काय होतं ते दिसलं. बाकी टीकाकारांचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर माझ्याकडे नाही.

झोपलेला_रेफरी
१५ डिसेंबर २०२५

काल वानखेडेवर मेस्सी येऊन गेला. त्याने बॉल स्टँडमधे मारला आणि भोवती ही गर्दी. परवा कोलकात्यात दिसला नाही म्हणून लोकांनी खुर्च्या फेकल्या. चला, राग काढायला स्टेडियममधे जायला लागले लोक, तालमीच्या पोराचं ऐकलं.

गोलपोस्टमागचा

इराणच्या मॅचचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, मुद्दाम नाही, घरात लग्न होतं. हॉलमधे मोबाईलवर बघत होतो, दुसरा गोल झाला तेव्हा ओरडलो, भटजी थांबले. बायको अजून बोलत नाहीये.

माझं मत बदललेलं नाही. अंडर-२३ वाल्यांबद्दल जे लिहिलं ते तसंच. पण एक केलंय, ह्या इराण हरवलेल्या तेवीस पोरांची नावं वहीत लिहून ठेवलीत, क्लबसकट. दर सहा महिन्यांनी बघणार कोण किती मिनिटं खेळला. इथेच टाकत जाईन. दहा_नंबरची, मुलींची यादी तुम्ही द्या, मला सगळी नावं मिळत नाहीयेत. आणि मे महिन्यात सौदीला आशियाई कपच्या मॅच कुठल्या चॅनलवर लागणार ते कुणाला कळलं की सांगा, गेल्या वेळेसारखी अर्ध्यात लिंक शोधायला लावू नका.