स्कॉटलंडची ओळख किल्टमध्ये कशी सामावली?

प्रश्न:
चित्रपट आणि पर्यटनाच्या जाहिराती पाहिल्या की स्कॉटलंड म्हणजे किल्ट (पुरुषांचा चौकटीच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा), बॅगपाइप, धुक्यातले डोंगर आणि इंग्रजांशी झुंजणारा रांगडा वीर, असेच चित्र समोर येते. प्रत्यक्षात तेथील बहुसंख्य लोक ग्लासगो आणि एडिंबरा यांच्या आसपासच्या सखल पट्ट्यात राहतात. मग हायलँड्सचा, म्हणजे उत्तरेकडील डोंगराळ भागाचा, पोशाख साऱ्या राष्ट्राची ओळख कसा झाला, आणि सखल भागातील लोकांनी तो आपला का मानला?

प्रतिसाद १:
१७४६ साली कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोरांचा (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा) पराभव झाल्यावर ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावर बंदी घातली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. सैन्यातील हायलँड पलटणींना मात्र तीतून सूट होती. माझ्या मते खरा दुवा येथेच सापडतो, कारण बंडखोराच्या अंगावर जो वेश गुन्हा ठरत होता, तोच राजाच्या शिपायाच्या अंगावर प्रतिष्ठेचा झाला. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा स्वागताची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली. सखल भागातील प्रतिष्ठित मंडळी टार्टन, म्हणजे किल्टचे चौकटीचे कापड, नेसून आली आणि राजानेही किल्ट घातला. त्याच सुमारास हायलँड्समधील सदरलँडसारख्या भागांत जमीनदार मेंढ्यांच्या कुरणांसाठी गेलिक (हायलँड्सची जुनी भाषा) बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबांना घरांतून हुसकावत होते. माणसे परागंदा होत असताना त्यांच्या वेशाचा उत्सव व्हावा, हे मला अजूनही अस्वस्थ करते.

प्रतिसाद २:
वरील इतिहास मान्य आहे, पण ही प्रतिमा केवळ वरून लादली गेली असे म्हणणे सामान्य लोकांवर अन्याय करणारे आहे. आज लग्नात किंवा फुटबॉल सामन्याला किल्ट घालणारा माणूस राजाचे स्वागत करत नसतो. ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) या चित्रपटात इंग्रजांशी लढलेल्या आणि १३०५ मध्ये मारल्या गेलेल्या विल्यम वॉलेसच्या सैनिकांना किल्टसदृश वेश दिला आहे, जो प्रत्यक्षात कित्येक पिढ्यांनंतरचा, आणि त्यातील लढायांचे बरेचसे चित्रण आयर्लंडमध्ये झाले. तरीही तो अनेक स्कॉटिश प्रेक्षकांच्या मनाला भिडला. स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ देणाऱ्या १९९७ च्या सार्वमताचे श्रेय त्याला देणे मात्र मला पटत नाही. स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने १९७९ मध्येच मतदानात बहुमत मिळाले होते, फक्त एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांच्या होकाराची अट पूर्ण झाली नव्हती.

प्रतिसाद ३:
टार्टनच्या या प्रतिमेला उत्तर म्हणून क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणी कामगार, बेकारी, दारू आणि अमली पदार्थ यांचे चित्रण पुढे आले. जेम्स केल्मन यांनी ग्लासगोच्या बोलीत लिहिलेल्या कादंबरीला १९९४ चे बुकर पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. मात्र अनुकरणातून या चित्रणाचाही साचा बनला. वीर असो वा बेकार, मध्यभागी पुरुषच राहतो. स्त्रिया, ग्लासगोतील पाकिस्तानी वंशाची कुटुंबे आणि हेब्रिडीज बेटांवर आजही गेलिक बोलणारे लोक कडेलाच उरतात. म्हणून २००८ पासून सुरू असलेल्या ‘बीबीसी आल्बा’ या गेलिक वाहिनीचे मला विशेष महत्त्व वाटते. तेथे बातम्या आणि खेळ गेलिकमध्ये चालतात, आणि ज्यांचा वेश जगाने उचलला त्यांची भाषा रोजच्या वापरात ऐकू येते.