विषय: शुक्रवारी हॉलची किल्ली कोण घेणार? (तातडीचं)

मीना (प्रसाद):
मंडळी, काल पोस्टाने ज्यूरीचं समन्स आलं. क्राउन कोर्ट, म्हणजे इंग्लंडातलं गंभीर गुन्ह्यांचं कोर्ट, सोमवार १४ सप्टेंबरपासून दहा कामाचे दिवस. चतुर्थीला सुरू, अनंत चतुर्दशीला समाप्त. बाप्पाला विचारून तारखा काढल्यासारख्या!

घरचा गणपती पहाटे बसवू. शनिवारचा (१९) कार्यक्रमही अडत नाही, कोर्ट शनिवारी बंद. अडतोय तो शुक्रवार. केअरटेकर चारला निघतो, किल्ली फॉर्मवर नाव असेल त्याच्याच हातात देतो, आणि नाव माझं आहे. कोर्टातून साडेचारच्या आत सुटका नाही म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी पंचवीस नारळ खवून सारण झालं नाही, तर शनिवारी तीनशे मोदक होत नाहीत. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. कोणी चारच्या आत पोचू शकेल का?

संदीप:
ताई, एवढं काय त्यात? पुढे ढकला ना. नाहीतर इंग्रजी नीट समजत नाही असं लिहून द्या, लगेच सोडतात. आमच्या ऑफिसातला एकजण असाच सुटला.

मीना (प्रसाद):
संदीप, तेवीस वर्षं इथल्या मुलांना इंग्रजीतून गणित शिकवतेय. इंग्रजी समजत नाही असं कुठल्या तोंडाने लिहू? आणि पुढे ढकलायला एकदाच मिळतं. ते मी मार्चमध्ये वापरलं, आईच्या ऑपरेशनला पुण्याला गेले होते तेव्हा. आता जायचंच आहे, आणि खरं सांगू का, मला जायचंय. प्रश्न किल्लीचा आहे.

रोहित:
पैशाचं काय पण? एम्प्लॉयरने पगार दिलाच पाहिजे असं नाही. कोर्ट पगार बुडाल्याचे दिवसाला जास्तीत जास्त ६४ पौंड ९५ पेन्स देतं, तेही पहिले दहा दिवस. आम्ही कॉन्ट्रॅक्टवाले दोन आठवडे बसलो तर घराचा हप्ता कोण भरणार? आपला पासपोर्ट भारतीय आहे म्हणून ही भानगड माझ्या मागे नाही, हे एक बरं.

अनघा (सचिव):
रोहित, गैरसमज आहे. पासपोर्ट बघत नाहीत, मतदार यादी बघतात. राष्ट्रकुलातला नागरिक इथे यादीत नाव घालू शकतो, आणि यादीत नाव, वय १८ ते ७५, तेराव्या वर्षानंतर पाच वर्षं इथे वास्तव्य, एवढं जमलं की तूही पात्र. मतदान केंद्राबाहेरचा तुझा फोटो याच लिस्टवर आला होता. तेव्हा तयारीत राहा.

किल्लीबद्दल: फॉर्मवर दुसरं नाव घालता येतं का ते शिरीषकाकांना माहीत असणार.

नानाकाका:
मीना, जा. टाळू नकोस. मी दहाएक वर्षांपूर्वी बसलो होतो. आता शहात्तर पूर्ण झाली, आम्हाला कोण बोलावतंय!

पहिले तीन दिवस नुसती वाट बघण्यात गेले. वेटिंग रूममध्ये एका किल्ल्याचं जिगसॉ होतं, किल्ला पुरा, आभाळाचे तुकडे गायब. चौथ्या दिवशी आमच्या पंधराएक जणांचा घोळका आत नेला आणि चिठ्ठ्या काढून बारा बसवले. शेजारी बसचा ड्रायव्हर, पलीकडे केस निळे केलेली मुलगी. शपथेला गीता मागितली तर कोर्टातल्या मदतनीस अशरबाईंनी लाल कापडात गुंडाळलेली आणून दिली. मी आपला सवयीने बूट काढायला वाकलो, तर जज चष्म्यावरून बघायला लागले. ज्यूरीच्या खोलीत पुढे काय बोलणं झालं ते आजही सांगता येत नाही. कायद्याने तोंड बंद. तुमच्या काकूलाही नाही सांगितलं, ती अजून रुसलेली आहे.

आणि ज्यांनी सार्वजनिक गणपती घातला त्या लोकमान्यांचं आठवा. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपियन ज्यूरर म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. १९०८ ला सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन, आणि मंडाले. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि बाकावरच्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही! तर आपल्यापैकी कोणी त्या बाकावर बसणार असेल तर तिला इंग्रजी येत नाही असं लिहायला सांगायचं? संदीप, शाब्बास.

संदीप:
काका, मी गमतीत म्हटलं होतं.
पण गीता कशाला? नुसतं प्रतिज्ञेवर चालतं की. मी असतो तर तेच केलं असतं.

नानाकाका:
तू असतास तर सुटला असतास.

केदार:
विषय निघालाच आहे म्हणून. आता ज्यूरीच कमी करायला निघालेत. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होईल अशा बऱ्याच खटल्यांत जज एकटाच निकाल देईल, असं न्यायमंत्री लॅमींनी २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केलं. मला पटतं. क्राउन कोर्टांत सत्तर हजारांच्या वर खटले तुंबलेत. आमच्या दुकानात चोरी झाली त्या केसची तारीख दोनदा पुढे गेली, साक्षीदार पोरगा तोवर कॅनडाला निघून गेला. बारा जणांना बसवून चहा पाजण्यापेक्षा एक जज बरा. भारतात कुठे आहे ज्यूरी? नानावटी खून खटल्यानंतर काढलीच ना?

मीना (प्रसाद):
केदार, दुकानाचं वाईट वाटतं, पण तुंबलेत ते ज्यूरीमुळेच का? कोर्टाच्या खोल्या बंद, वकील मिळत नाहीत, आरोपीला तुरुंगातून आणणारी गाडी उशिरा येते, आणि आमच्या नावाने बिल. नानावटींना १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, जजला पटलं नाही, त्यांनी ते हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. म्हणजे जज चुकत नाही असं तुम्ही धरून चालताय. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या भावाला पोलिसांनी रस्त्यात तीनदा थांबवून झडती घेतली. त्याच्यावर उद्या काही आलं तर त्याच्यासमोर कोण बसावं? एक माणूस, की बसचा ड्रायव्हर, निळ्या केसांची मुलगी आणि मी?

आता किल्ली!!

वैशाली (ग्लासगो):
आमच्या स्कॉटलंडात पंधरा जण बसतात. पुरणपोळ्यांची ऑर्डर ऑगस्टअखेर द्यायची आहे, विसरू नका.

शिरीष (हॉल):
चार दिवस गावाला गेलो तर इतकं! किल्ली हा हॉल समितीचा विषय आहे, प्रसाद समितीचा नाही. किल्ली परस्पर मीनाताईंच्या नावावर कशी गेली याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. असो. केअरटेकरला फोन केला. दुसरं नाव घालता येतं, पण फॉर्म चौदा दिवस आधी द्यायचा आणि त्यावर मूळ नावाची सही लागते. शिवाय किचन वापरणार असाल तर फूड हायजीनचं प्रमाणपत्र असलेला माणूस तिथे हवा. प्रमाणपत्र एकट्या मीनाताईंकडे आहे.

अनघा (सचिव):
प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे, लेव्हल टू. जानेवारीत हळदीकुंकवाच्या आधी काढलं होतं, लिस्टवर कळवलंही होतं. कोणी वाचलं नाही असं दिसतंय.

रोहित:
मी बघितलं आत्ता. माझं नाव खरंच यादीत आहे.

शिरीष (हॉल):
मग ठरलं. शुक्रवारी साडेतीनला किल्ली मी घेतो, अनघा पाचला किचनमध्ये. मात्र सारणात वेलदोड्याचं प्रमाण कोण ठरवणार हे आधीच लिहून ठेवा, मी मध्ये पडणार नाही.

मीना (प्रसाद):
अर्ध्या किलो गुळाला एक छोटा चमचा वेलदोडा, अनघाला मोजून डबीत देते. फॉर्मवर उद्याच सही करते. सुटले की थेट हॉलवर येईन, पण ट्रॅफिक धरून सहा वाजतील. आल्यावर केसबद्दल कोणी काही विचारायचं नाही, काकूनेही नाही. कोर्ट जेवणाचे ५ पौंड ७१ पेन्स देतं, मी पोळीभाजी नेणार.

खवण्या किती जणांकडे आहेत? माझी एकच आहे आणि तिची मूठ हलते.